ओहोटीची शाळा

पाठ्यपुस्तकें बाजूस सारून मुलगा खिसे भरभरून शिंपले, दगड आणि किडे घरीं आणूं लागला, म्हणजे सुशिक्षित घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. मुलाचें पुढें कसें होणार, ही त्यांची चिंता खोटी नसते आणि ती आजकालचीही नाहीं. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं इंग्लंडांतील श्रूझ्बरी गांवच्या एका नामांकित डॉक्टरांना आपल्या धाकट्या मुलाविषयीं हीच चिंता लागली होती. शिकार, कुत्रीं आणि उंदीर पकडणें यांवांचून तुला कशाचीही पर्वा नाहीं. तूं स्वतःला आणि साऱ्या घराण्याला कलंक लावशील, अशा अर्थाचे कठोर शब्द त्यांनीं एकदां मुलाला ऐकविले. तो मुलगा म्हणजे चार्लस डार्विन. ते शब्द तो उतारवयांतही विसरला नव्हता. मात्र आपले वडील अत्यंत प्रेमळ होते व त्या प्रसंगीं रागाच्या भरांत ते थोडे अन्यायानें बोलले असावेत, असेंही त्यानें आपल्या आत्मचरित्रांत नमूद करून ठेविलें आहे.

डार्विनचें नांव निघालें कीं उत्क्रांतिवादाची चर्चा सुरू होते. १८५९ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ आणि त्यावर उठलेलें वादळ या गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात. परंतु त्या ग्रंथाच्या बत्तीस वर्षें आधीं, म्हणजे १८२७ च्या वसंत ऋतूंत, स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराजवळच्या समुद्रकांठीं अठरा वर्षांच्या या तरुणानें दोन चिमुकले शोध लाविले होते. एक शोध मिरीच्या दाण्यासारख्या दिसणाऱ्या एका काळ्या गोळीसंबंधींचा आणि दुसरा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका कणासंबंधींचा. जगाच्या दृष्टीनें दोन्ही क्षुल्लक. पण ज्या सवयींच्या बळावर तो पुढें मोठा झाला, त्या सवयींचें पहिलें दर्शन या दोन शोधांतच घडतें. म्हणून त्यांची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

चार्लसचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं झाला. तो आठ वर्षांचा असतां त्याची आई वारली आणि त्याचें संगोपन थोरल्या बहिणींच्या देखरेखीखालीं झालें. शिंपले, नाणीं, लाखेच्या मुद्रा, खनिजें, जें हातीं लागेल तें जमविण्याचा छंद त्याला लहानपणींच जडला होता. श्रूझ्बरीच्या शाळेंत लॅटिन आणि ग्रीक काव्यांचें पाठांतर हाच शिक्षणाचा मुख्य भाग असे. चार्लस सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं चाळीस-पन्नास ओळी सहज पाठ करी; पण अठ्ठेचाळीस तासांच्या आंत त्या सर्व त्याच्या डोक्यांतून निघून जात. घराच्या बागेंतील खोपटांत थोरल्या भावाबरोबर तो रसायनांचे प्रयोग करीत बसे, तर त्याबद्दल मुख्याध्यापकांनीं सर्वांदेखत त्याची कानउघाडणी केली. असल्या निरुपयोगी गोष्टींत वेळ घालविणारा मुलगा, अशी शाळेंत त्याची ख्याति झाली.

समुद्राशीं त्याचा संबंध आला तो वयाच्या दहाव्या वर्षीं. १८१९ सालीं तो वेल्सच्या किनाऱ्यावर तीन आठवडे राहिला होता. तेथें त्याला काळ्या व शेंदरी रंगाचा एक मोठा किडा, पुष्कळसे पतंग आणि एक भुंगा दिसला, आणि हे कीटक आपल्याकडे श्रॉपशरमध्यें आढळत नाहींत, हें त्याच्या ध्यानांत येऊन त्याला मोठें नवल वाटलें. दहा वर्षांचें मूल समुद्रावर गेलें म्हणजे वाळूचे किल्ले करतें, लाटांत भिजतें आणि घरीं परत येतें. एका ठिकाणीं असलेला जीव दुसऱ्या ठिकाणीं नाहीं, एवढी गोष्ट टिपून ठेवणें हें सामान्य मुलाचें लक्षण नव्हे. कोणता जीव कोठें आढळतो आणि कोठें आढळत नाहीं, याच प्रश्नानें पुढें त्याच्या आयुष्यांतील अनेक वर्षें व्यापून टाकिलीं.

शाळेंत कांहीं निष्पन्न होत नाहीं असें पाहून वडिलांनीं त्याला १८२५ च्या ऑक्टोबरांत वैद्यकीच्या अभ्यासासाठीं एडिंबरोच्या विद्यापीठांत धाडिलें. त्या वेळीं त्याचें वय सोळा वर्षांचें होतें. थोरला भाऊ इरॅझ्मस बरोबर होता. विद्यापीठाजवळच लोथियन स्ट्रीटवर दोघांनीं बिऱ्हाड केलें. घराण्यांत वैद्यकी परंपरेनें चालत आलेली. वडील डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. तेव्हां धाकट्यानेंही तीच वाट धरावी, ही अपेक्षा स्वाभाविकच होती. पण हिवाळ्यांत सकाळीं आठ वाजतां सुरू होणारीं औषधिविज्ञानाचीं व्याख्यानें त्याला असह्य वाटत. शस्त्रक्रिया पाहण्यासाठीं तो दोनदां गेला. त्यांतील एक लहान मुलावर होती. क्लोरोफॉर्मचा उपयोग त्याच एडिंबरो शहरांत १८४७ सालीं सुरू झाला. म्हणजे डार्विनच्या विद्यार्थिदशेंत रोगी पूर्ण शुद्धीवर असतांनाच शस्त्र चाले. तें दृश्य सहन न होऊन तो दोन्ही वेळां शस्त्रक्रिया संपण्यापूर्वींच बाहेर पळाला आणि पुन्हां तेथें पाऊल टाकावयाचें नाहीं, असा त्यानें निश्चय केला.

विद्यापीठांतील अध्यापकांनीं जें शिकविलें नाहीं, तें शिकविणारे गुरु त्याला बाहेर भेटले. त्यांत पहिला जॉन एड्मन्स्टन. हा कृष्णवर्णीय गृहस्थ दक्षिण अमेरिकेंतील गियाना प्रांतांत गुलामगिरींत होता व मुक्त झाल्यावर एडिंबरोंत पक्ष्यांच्या कातड्यांत पेंढा भरून तीं टिकविण्याचा व्यवसाय करीत होता. रोज एक तास याप्रमाणें दोन महिने शिकविण्याबद्दल त्यानें एक गिनी फी घेतली. चार्लस त्याच्यापाशीं बसून ही विद्या शिकला आणि हा गृहस्थ मोठा सुस्वभावी व बुद्धिमान होता, असें त्यानें आदरानें लिहून ठेविलें आहे. पुढें सफरींत पक्ष्यांचे नमुने टिकवितांना हीच विद्या त्याच्या उपयोगी पडली.

दुसऱ्या वर्षीं भाऊ एडिंबरोस परत आला नाहीं. एकट्या पडलेल्या चार्लसला आतां समुद्रानें ओढून घेतलें. एडिंबरोच्या उत्तरेस फोर्थ नदीच्या मुखाशीं पसरलेली रुंद खाडी आहे. शहरापासून थोड्याच अंतरावर लीथ बंदर, त्याला लागून न्यूहेवन ही कोळ्यांची वस्ती, आणि पूर्वेस सुमारें आठ मैलांवर प्रेस्टनपॅन्स हें गांव. या किनाऱ्यावर दिवसांतून दोन वेळां भरती येते व दोन वेळां ओहोटी लागते. पाणी मागें सरलें कीं काळे खडक उघडे पडतात, त्यांच्या खळग्यांत पाणी सांचून राहतें, आणि एरवीं माणसाच्या दृष्टीआड असलेलें एक जग कांहीं तासांपुरतें उघडें होतें. दगडाच्या बुडाशीं दबून बसलेले खेकडे, फुलाप्रमाणें उमललेले आणि स्पर्श होतांच मिटून जाणारे समुद्रफुलांसारखे प्राणी, कवच नसलेल्या रंगीत गोगलगाई, तारामासे, ओलसर शेवाळाच्या झुपक्यांत वळवळणारे कृमि, हे सर्व जीव पाणी परत येण्याची वाट पाहत निपचित पडलेले असतात. ज्याला हें जग पाहावयाचें असेल, त्याला समुद्राच्या वेळापत्रकाप्रमाणें उठावें लागतें. सकाळीं आठच्या व्याख्यानाला कंटाळणारा चार्लस मार्च महिन्याच्या थंड वाऱ्यांत या खडकांवर आनंदानें जाई.

या शाळेंत त्याला तीन प्रकारचे सोबती मिळाले. एक लीथचाच राहणारा जॉन कोल्डस्ट्रीम हा विद्यार्थिमित्र. दुसरे न्यूहेवनचे कोळी. ते कालवें काढण्यासाठीं होड्या घेऊन जात तेव्हां चार्लस कधींकधीं त्यांच्याबरोबर जाई आणि जाळ्यांत कालवांबरोबर आलेले जे जीव कोळ्यांना टाकाऊ वाटत, ते तो गोळा करून आणी. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा, डॉ. रॉबर्ट ग्रँट. ग्रँट त्याच्याहून सोळा वर्षांनीं मोठा. वैद्यकीची पदवी असूनही त्यानें समुद्रांतील क्षुद्र प्राण्यांच्या अभ्यासाला स्वतःला वाहून घेतलें होतें, आणि प्रेस्टनपॅन्स येथें अगदीं समुद्राला लागून असलेल्या घरांत राहून तो संशोधन करी. स्पंज ही वनस्पति नसून प्राणी आहे, हें सप्रमाण दाखविण्यांत त्याचा मोठा वांटा होता. बाहेरून तो कोरडा व शिष्टाचारी भासे, पण आंत उत्साहाचा झरा वाहत असे. एके दिवशीं फिरतां फिरतां त्यानें लामार्क या फ्रेंच पंडिताची व जीवजातींच्या परिवर्तनासंबंधींच्या त्याच्या मतांची एकदम स्तुति आरंभिली. चार्लसनें ती थक्क होऊन निमूटपणें ऐकून घेतली. तूर्त त्याचा आपल्या मनावर कांहीं परिणाम झाला नाहीं, असें त्याचें स्वतःचें म्हणणें आहे.

ग्रँटनें त्याला जें शिकविलें तें मतांहून अधिक मोलाचें होतें. सांपडलेला जीव केवळ बाटलींत घालून ठेवावयाचा नाहीं. तो जिवंत असतां पाहावयाचा, तो काय करतो तें न्याहाळावयाचें, मग चिरून त्याची रचना पाहावयाची, आणि जें दिसेल तें त्याच दिवशीं लिहून काढावयाचें. चार्लसची त्या काळांतील एक वही सुदैवानें शिल्लक आहे. १८२७ च्या मार्चमध्यें लीथच्या काळ्या खडकांवर त्याला एक गोलमटोल मासा सांपडला. लंप नांवाच्या या माशाच्या पोटाखालीं एक चकती असते व तिच्या साहाय्यानें तो खडकाला घट्ट चिकटून राहतो. वहींत त्याची लांबी साडेतेवीस इंच नोंदलेली आहे. पोटांत गुलाबी रंगाच्या अंड्यांचा मोठा गोळा होता, हें लिहिलें आहे. अंडीं घालण्यासाठीं हा मासा खडकांत आला आणि ओहोटीनें तेथेंच अडकून पडला, असें अनुमान काढलें आहे. शिवाय डोळे लहान आहेत, तेव्हां हा बहुधा खोल समुद्रांत राहत नसावा, असाही एक तर्क आहे. अनुमान बरोबर कीं चूक हा प्रश्न वेगळा. मोजमाप आधीं, तर्क मागून, आणि दोहोंची सरमिसळ नाहीं, ही शिस्त अठरा वर्षांच्या मुलाच्या वहींत पाहून समाधान वाटतें.

आतां त्या काळ्या गोळीची हकीकत. खाडींतून काढलेल्या कालवांच्या व इतर जुन्या शिंपल्यांच्या पाठीवर लहान, काळ्या, वाटोळ्या गोळ्या चिकटलेल्या आढळत. कोळी त्यांना मोठी मिरी म्हणत. विद्वान लोक त्यांना एका जातीच्या समुद्रशेवाळाची कोंवळी अवस्था समजत. कारण त्या शेवाळाचे कोंब आरंभीं दिसावयास असेच असतात. नांव ठरलें होतें, जात ठरली होती, पुस्तकांत नोंद झाली होती. म्हणजे प्रश्न संपला होता. चार्लसनें तो पुन्हां उघडला. त्या गोळ्या नीट तपासल्यावर त्याला दिसून आलें कीं या वनस्पति नव्हेतच. समुद्रांत पाकटांसारख्या चपट्या माशांना चिकटून रक्त पिणारी एक खरखरीत अंगाची जळू असते, तिचे हे अंडकोश आहेत. कोळ्यांनीं पाहून नांव दिलें, पंडितांनीं पाहून जात ठरविली. मुलानें मात्र आंत काय आहे तें पाहिलें.

दुसरा शोध याहून नाजूक. फ्लस्ट्रा नांवाचा एक जीव त्या किनाऱ्यावर पुष्कळ आढळतो. वादळानंतर वाळूवर फिकट पिंगट, कागदासारखे पातळ, पानांच्या आकाराचे त्याचे झुबके येऊन पडतात व पाहणाऱ्याला तें वाळलेलें शेवाळच वाटतें. भिंगाखालीं धरल्यावर मात्र मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें बारीक बारीक खोल्यांच्या रांगा दिसतात. प्रत्येक खोलींत एकेक सूक्ष्म प्राणी राहतो आणि तोंडाभोंवतीं असलेल्या तंतूंच्या वलयानें पाण्यांतील अन्नकण ओढून घेतो. सारा झुबका म्हणजे अशा हजारों जीवांची एक चाळच. ही चाळ एके ठिकाणीं कायमची चिकटलेली असते. मग असल्या अचल प्राण्याची संतति दुसऱ्या खडकावर पोंचते कशी? चार्लस आपल्या साध्या सूक्ष्मदर्शक यंत्रांतून या झुबक्यांतील पिवळसर कण पाहत होता. त्यांना फ्लस्ट्राचीं अंडीं म्हणत. पाहतां पाहतां त्याला दिसलें कीं हे कण स्थिर नाहींत. त्यांच्या अंगावर अतिसूक्ष्म केशतंतु आहेत आणि त्यांच्या वल्ह्यासारख्या हालचालीनें ते पाण्यांत स्वतः होऊन फिरत आहेत. अंडें पोहत नसतें. जें पोहतें तें पिलूं. आईबाप जन्मभर जागचे हलत नाहींत, पण मूल आरंभीं प्रवासी असतें, आणि जागा पसंत पडली म्हणजे तेथें रुजून नवी चाळ उभारतें.

हे दोन्ही शोध त्यानें २७ मार्च १८२७ रोजीं प्लिनियन सोसायटीपुढें सांगितले. ही विद्यार्थ्यांची मंडळी विद्यापीठाच्या तळघरांतील एका खोलींत जमे आणि सृष्टिविज्ञानावर निबंध वाचून चर्चा करी. आदल्या नोव्हेंबरांतच चार्लसला तिचा सभासद करून घेतलें होतें. त्याच बैठकींत दुसऱ्या एका विद्यार्थ्यानें, मन ही शरीररचनेहून वेगळी वस्तु नव्हे, असें मत मांडल्यामुळें बरीच खळबळ उडाली आणि त्या निबंधाची नोंद कार्यवृत्तांतून खोडून टाकण्यांत आली. त्या वादाच्या मानानें जळूचीं अंडीं आणि फ्लस्ट्राचीं पिलें यांकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नसल्यास नवल नाहीं.

परंतु एका माणसाचें लक्ष गेलें होतें, आणि येथें या हकीकतीला थोडी कडवट चव येते. चार्लसनें आपला शोध मोठ्या हर्षानें प्रथम ग्रँटला जाऊन सांगितला होता. शाबासकीऐवजीं त्याला ऐकावें लागलें तें असें कीं, हा विषय ग्रँटचा आहे, त्यांत दुसऱ्यानें हात घालणें बरें नव्हे. प्लिनियन सोसायटीच्या बैठकीच्या तीन दिवस आधीं, २४ मार्चला, ग्रँटनें वर्नेरियन सोसायटी या प्रौढ विद्वानांच्या सभेपुढें याच गोष्टी मांडल्या. निःपक्षपातानें पाहिलें तर ग्रँटचीही बाजू होती. स्पंजांच्या पोहणाऱ्या पिलांवर त्यानें स्वतः परिश्रमपूर्वक काम केलें होतें, आणि कोठें काय पाहावें हें चार्लसला त्यानेंच शिकविलें होतें. समुद्रजळूविषयींच्या आपल्या छापील लेखांत त्यानें, त्या गोळ्या कोणाच्या हें प्रथम ओळखल्याचें श्रेय आपला उत्साही तरुण मित्र डार्विन यास आहे, असें मोकळेपणानें कबूलही केलें. तथापि कोंवळ्या मनाला झालेली जखम बुजली नाहीं. शास्त्रज्ञांच्या मत्सराची आपली ती पहिली ओळख होती, असें डार्विननें पुष्कळ वर्षांनंतर आपल्या मुलीला सांगितलें. शिक्षकानें आणि वडिलधाऱ्यांनीं या प्रसंगाचा विचार करावा. शिष्याला आपल्या खांद्यावर उभें करावयाचें, आणि तो आपल्याहून थोडें पुढचें पाहूं लागतांच खांदा काढून घ्यावयाचा, हा मोह विद्वानालाही आवरत नाहीं.

त्याच वर्षीं चार्लसनें पदवी न घेतां एडिंबरो सोडलें. दोन वर्षें फुकट गेलीं, असेंच घरच्यांना वाटलें असल्यास त्यांत अस्वाभाविक कांहीं नाहीं. वैद्यकी जमत नाहीं तर धर्मोपदेशक तरी व्हावें, म्हणून त्याला केंब्रिजला पाठविण्यांत आलें. तेथून बाहेर पडल्यावर बीगल जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणेस जाण्याची संधि आली. वडिलांनीं प्रथम नकार दिला, पण मामा जोसाया वेजवुड यांनीं रदबदली केल्यावर संमति दिली आणि खर्चही सोसला. २७ डिसेंबर १८३१ रोजीं जहाज निघालें. तें २ ऑक्टोबर १८३६ रोजीं परत आलें. लीथच्या खडकांवर पेरलेलें बीं या सफरींत कसें उगवून आलें, तें पाहण्यासारखें आहे.

निघाल्यावर सुमारें दोन आठवडे झाले होते, तोंच समुद्र लागल्यामुळें अर्धमेला झालेल्या डार्विननें निशाणासाठीं वापरतात त्या कापडाची चार फूट खोल पिशवी शिवून घेऊन ती जहाजामागें पाण्यांत सोडली. पिशवींत आलेले असंख्य सूक्ष्म जीव तो दिवसभर तपासीत बसला. इतके सुंदर आकार आणि रंग माणसाच्या दृष्टीस न पडणाऱ्या ठिकाणीं कशासाठीं निर्माण झाले असावेत, हा विचार त्याच्या मनांत आला. पुढें केप व्हर्द बेटांतील सेंट यागोच्या किनाऱ्यावर, खडकांतील डबक्यांत, एका अष्टपाद प्राण्याचा क्षणोक्षणीं रंग पालटतांना पाहून तो हरखून गेला, आणि हें नवें आहे काय, असें त्यानें केंब्रिजमधील आपले गुरु हेन्स्लो यांस विचारलें. हें पूर्वींच ठाऊक होतें. पण हेन्स्लो यांनीं त्याचा हुरूप मोडला नाहीं, उलट प्रत्येक पत्रांतून वाढविला. त्याच बेटावर समुद्रसपाटीपासून सुमारें पंचेचाळीस फूट उंचीवर, काळ्या खडकांच्या मधोमध, शिंपल्यांचा एक पांढरा पट्टा त्याला दिसला. शिंपले तेथें चढले कसे? समुद्र खालीं गेला कीं जमीन वर आली? एडिंबरोंतील भूगर्भशास्त्राच्या रुक्ष व्याख्यानांना विटून, या विषयाचें पुस्तक जन्मांत वाचणार नाहीं, असें ठरविणारा मुलगा हाच. शिंपल्यांच्या एका पट्ट्यानें त्याला त्या शास्त्रावर ग्रंथ लिहिण्याची उमेद दिली.

प्रवाळबेटांसंबंधींची त्याची उपपत्ति याच वाटेनें आली. समुद्राचा तळ हळूहळू खचतो आणि प्रकाशाच्या ओढीनें प्रवाळाचे थर वर वर वाढत जातात; बेट बुडून गेलें तरी त्याभोंवतीं प्रवाळांचें कडें शिल्लक राहतें, असें त्यानें १८४२ च्या आपल्या पुस्तकांत प्रतिपादिलें. १८५२ सालीं त्याचा पडताळा पाहण्याचें साधन कोणाजवळ नव्हतें. १९५२ सालीं पॅसिफिक महासागरांतील एनिवेटॉक येथें भोंक पाडून पाहिलें, तेव्हां प्रवाळाच्या चार हजार फुटांहून अधिक जाडीच्या थराखालीं ज्वालामुखीचा खडक लागला.

सर्वांत बोलकें उदाहरण बार्नॅकलचें. कोंकणच्या खडकांवर अनवाणी चाललेल्या कोणालाही हा प्राणी ठाऊक असतो. खडकाला घट्ट चिकटलेलीं त्याचीं लहान, टोंकदार, खरखरीत कवचें पाय कापतात. कवचामुळें त्याला पूर्वीं शिंपल्यांच्या वर्गांत घालीत. १८३० सालीं थॉम्प्सन या संशोधकानें त्याचीं पिलें पाण्यांत पोहतांना पाहिलीं आणि हा खेकड्याकोळंबीचा भाऊबंद आहे, हें दाखवून दिलें. येथेंही आईबाप जागचे न हलणारे आणि मूल प्रवासी, फ्लस्ट्राचाच धडा. चिलीच्या किनाऱ्यावर सांपडलेल्या, शिंपल्याला भोंक पाडून राहणाऱ्या एका विलक्षण बार्नॅकलचें कोडें सोडविण्यासाठीं डार्विन १८४६ सालीं बसला आणि साऱ्या बार्नॅकल जातींचा अभ्यास करून १८५४ सालीं उठला. आठ वर्षें घरांत हेंच चाललें होतें. एका मुलानें म्हणे शेजारच्या घरच्या वडिलांविषयीं सहज विचारलें कीं, मग ते आपले बार्नॅकल कोठें करतात? वडील मंडळींचा हाच उद्योग असतो, अशी त्या बाळाची समजूत! या कार्याबद्दल डार्विनला १८५३ सालीं रॉयल सोसायटीचें पदक मिळालें. आणि एकाच जातींतील व्यक्तींमध्यें किती भेद असतात, हें जें त्याला या आठ वर्षांत प्रत्यक्ष दिसलें, तें त्याच्या पुढील ग्रंथाला आधारभूत झालें.

याचा अर्थ शाळा सोडून समुद्रावर हिंडावें, असा कोणी घेऊं नये. डार्विननें स्वतःच आपल्या शिक्षणांतील उणीवा लपविल्या नाहींत. एडिंबरोंत शवच्छेदनाचा नीट सराव करण्याची सक्ति आपल्यावर कोणी केली नाहीं आणि चित्रकला आपल्याला आली नाहीं, याचें त्याला जन्मभर वाईट वाटे. त्यामुळें सफरींतील त्याच्या टिपणांचा मोठा भाग निरुपयोगी ठरला, अशी त्याची कबुली आहे. आवडीला शिस्तीची जोड नसेल तर आवड वाऱ्यावर जाते, आणि शिस्तीला आवडीची जोड नसेल तर ती अठ्ठेचाळीस तासांत विसरलेल्या पाठांतरासारखी होते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या कालवांच्या पाठीवर ती काळी मिरी सांपडली, तीं कालवें फोर्थच्या खाडींत त्या काळीं अमाप होतीं व न्यूहेवनच्या कोळ्यांचा संसार त्यांवर चाले. एकोणिसाव्या शतकांत त्यांचा बेसुमार उपसा झाला, आणि विसाव्या शतकांत तीं खाडींतून नाहींशीं झालीं. आतां अलीकडे दुसरीकडून कालवें आणून तेथें पुन्हां वसविण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. पुस्तक जळालें तर दुसरी प्रत मिळते. किनारा उजाड झाला तर त्यावर लिहिलेले धडे परत मिळविण्यास पिढ्या लागतात.

म्हणून मुलांना घेऊन समुद्रावर जाणाऱ्या कुटुंबांनीं संध्याकाळची हवा खाऊन परतावें, तसेंच कधीं ओहोटीची वेळ पाहून खडकाळ किनाऱ्यावरही जावें. पायांत जाड वहाणा असाव्यात, हातांत एक वही असावी, आणि भरती केव्हां लागते याचें भान असावें. दगड उचलला तर त्याखालच्या जीवांना उन्हांत न ठेवतां तो जसा होता तसा हलक्या हातानें परत ठेवावा. जिवंत प्राणी घरीं आणूं नये. त्याचें वर्णन आणावें. मुलानें हें काय आहे असें विचारलें तर नांव सांगून मोकळें होऊं नये. नांव सांगितल्यानें प्रश्न संपतो, आणि त्या काळ्या गोळ्यांचा प्रश्न नांवामुळेंच इतकी वर्षें संपल्यासारखा झाला होता. तें काय करतें आहे, हालतें आहे काय, खातें काय, हें आधीं त्यालाच पाहूं द्यावें. घरीं परत आल्यावर दिवा लावून त्यानें जें पाहिलें तें चार ओळींत लिहवून घ्यावें आणि तें शांतपणें वाचावें. आणि तें वाचतांना, आपल्याला जें दिसलें नव्हतें तें मुलाला दिसलें आहे असें आढळलें, तर त्याला मनापासून शाबासकी द्यावी.